सुताराचा मुलगा : व्हान डर वाल्स

मुलांनो, वाफ थंड झाली की तिचे पाणी का होते? याचे कारण शोधणारे व्हान डर वाल्स १८३७ साली हॉलंडमधील लायडन गावी एका सुताराच्या घरी जन्मले. ते शाळेत शिक्षक झाले. मात्र लॅटिन व ग्रीक येत नसल्याने त्यांना विद्यापीठाची परीक्षा देता येईना. पाहा, भाषेने कशी वाट अडवली! पुढे ही अट माफ झाली आणि १८७३ साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. वायूचे रेणू जागा व्यापतात व एकमेकांना ओढतात, हे त्यांनी गणिताने दाखवले. ही ओढ दुबळी असते. पण थंडीने रेणूंची धावपळ मंदावली, की तीच त्यांना जवळ आणते आणि वायूचा द्रव होतो. त्यांच्याच नियमांच्या आधारे १९०८ साली लायडनला हेलियमही द्रवरूप झाला. १९१० साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९२३ साली ते वारले.