पंढरपूरला जाऊन गाडगेबाबांनी धर्मशाळाच का बांधल्या?

खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र आहे. रोज सकाळी तिथं देशभरातून पेशंट येतात. हातात रिपोर्टची पिशवी, सोबत एखादा नातेवाईक. केसपेपर निघतो, तपासण्यांच्या तारखा मिळतात आणि मग खरा प्रश्न उभा राहतो. आज रात्री झोपायचं कुठं? उपचार महिनोन्महिने चालणार आणि खारघरचं भाडं तर काही विचारू नका.

मुंबईत उपचारासाठी येणाऱ्या अशाच कॅन्सर पेशंटसाठी दादरला एक धर्मशाळा चालते. तिला नाव आहे गाडगे महाराजांचं. शाळेत आपण त्यांना खराटेवाले बाबा म्हणून वाचलेलं असतं. पण परक्या गावात आलेल्या गरीब माणसाला हक्काचं छप्पर मिळावं, यासाठी त्यांनी अख्खं आयुष्य घातलं, हे फारसं सांगितलं जात नाही.

गोष्ट सुरू होते अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात डेबूचा जन्म झाला. पूर्ण नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूच्या आहारी गेले आणि डेबू लहान असतानाच वारले. आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. शाळा काही नशिबी नव्हती. मामाची गुरं राखायची आणि शेतात राबायचं, एवढंच.

याच दापुऱ्यात डेबूनं सावकारी जवळून पाहिली. मामा चंद्रभान यांनी कर्ज काढलं, न वाचता येणाऱ्या कागदांवर अंगठे उठले आणि बघता बघता जमीन सावकाराच्या घशात गेली. पुढं कीर्तनात ते गावकऱ्यांना कळकळीनं सांगायचे की लग्नासाठी, सणासाठी, तीर्थयात्रेसाठी कर्ज काढू नका, जेवायचं ताट मोडा पण पोरांना शाळेत घाला. हे पोथीतून आलेलं नव्हतं, घरात भोगलेलं होतं.

१९०५ मध्ये डेबूजींनी घर सोडलं. आई, बायको कुंताबाई आणि लेकरं मागं राहिली. त्या घरानं काय सोसलं असेल याची कल्पनाच केलेली बरी. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, हातात खराटा आणि मातीचं फुटकं गाडगं. त्यातच जेवायचं, त्यातच पाणी प्यायचं. त्यावरूनच लोक गाडगेबाबा म्हणू लागले.

गावात शिरलं की आधी झाडलोट, मग भाकरी. रात्री कीर्तन. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या माणसांनाच प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. जातीच्या प्रश्नावर तर ते कुणाची भीड ठेवत नसत. माणूस तेवढा एक, हे ते हजारोंच्या गर्दीत ठणकावून सांगायचे.

एकदा कोकणात खारेपाटणला त्यांचं कीर्तन होतं. तिथंच मुलगा गोविंद गेल्याची बातमी येऊन पोचली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही.

कीर्तनाला माणसं लोटायची, तसा पैसाही यायचा. दुसऱ्या कुणी मठ उभारला असता. बाबांनी धर्मशाळा उभारल्या. नाशिक, आळंदी, देहू, मुंबई आणि पंढरपूर.

पंढरपूरचं कारण समजून घ्यायला हवं. वारी सगळ्यांची, असं आपण म्हणतो. पण तेव्हा दलित वारकऱ्याला विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता. संत चोखामेळ्याची समाधीसुद्धा महाद्वाराच्या बाहेरच आहे. देवळाचं दार उघडलं ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मग शेकडो मैल चालून आलेल्या या वारकऱ्यांनी पंढरपुरात टेकायचं कुठं? त्यांना कोण ओसरी देणार?

त्यांच्यासाठी बाबांनी देवळाचं दार उघडायच्या कितीतरी आधी पंढरपुरात धर्मशाळा बांधली आणि तिला नाव दिलं चोखामेळ्याचं. जिथं देवाच्या दारात जात विचारली जात होती, तिथं पाठ टेकायला एक जागा झाली.

पुढं १९४९ मध्ये बाबांनी ही धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. मोबदला शून्य. शहरात मोक्याच्या जागी असलेली, आपल्या हातानं उभी केलेली इमारत कुणी अशी सोडतं का? पण बाबांचा हिशोब वेगळा होता. ज्यांच्यासाठी ती बांधली, त्यांच्याच पोरांच्या शिक्षणाला ती उपयोगी पडणार होती. बाबासाहेबांबद्दल त्यांना अपार आदर होता आणि बाबासाहेबही त्यांना मानत.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांनी प्राण सोडला. एवढ्या धर्मशाळा बांधणारा माणूस शेवटी रस्त्यातच गेला.

आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, सरकारी स्वच्छता अभियानालाही आहे. पण त्यांनी सांगितलेल्या कामांच्या यादीत झाडू एकटा नव्हता. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, बेघराला आसरा, रोग्याला औषध, गरिबाच्या पोराला शिक्षण, हे सगळं त्यात होतं.

म्हणूनच खारघर स्टेशनबाहेर रिपोर्टची पिशवी घेतलेला एखादा अनोळखी माणूस खोलीची चौकशी करताना दिसला, तर दोन मिनिटं थांबा. त्याला भाडं सांगण्याआधी किंवा त्याचं आडनाव विचारण्याआधी तो जेवलाय का, एवढं विचारा.