मादाम कामा आणि त्यांचे परदेशी सोबती

मादाम भिकाजी कामा म्हटले की आपल्याला ध्वज आठवतो. पण तो ध्वज फडकवायला व्यासपीठ कुणी दिले, हे सहसा सांगितले जात नाही.

२४ सप्टेंबर १८६१ रोजी मुंबईच्या सधन पारशी घरात त्यांचा जन्म झाला. पती रुस्तम कामा वकील, इंग्रजी राज्याचे चाहते. संसार जुळला नाही. १८९६ च्या प्लेगात रुग्णसेवा करताना बाईंनाही प्लेग झाला. त्यातून वाचल्या, पण प्रकृती कायमची खालावली. उपचारासाठी युरोपात गेल्या आणि तिथे दादाभाई नौरोजी, श्यामजी कृष्णवर्मा यांच्या सहवासात आल्या. परतायचे तर राजकारणात पडणार नाही असे लिहून द्या, ही सरकारची अट होती. त्यांनी ती नाकारली व पुढे पॅरिसला बिऱ्हाड केले.

ऑगस्ट १९०७ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्टला जगभरचे समाजवादी जमले. ब्रिटिश प्रतिनिधींचा विरोध असतानाही फ्रान्सचे जाँ जोरेस आणि इंग्लंडचेच हिंडमन बाईंच्या पाठीशी राहिले. साडी नेसलेल्या बाईंनी भाषण केले आणि हिरवा, केशरी, लाल असा तिरंगा उंचावला. त्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’ होते. १९१० मध्ये ब्रुसेल्सला इजिप्तच्या देशभक्तांच्या परिषदेत मात्र त्यांनी मित्रांनाच पेचात टाकले: सगळे पुरुषच दिसतात, इजिप्तचा निम्मा भाग कुठे आहे? मित्राला असे विचारायला धाडस लागते.

त्याच वर्षी सावरकरांनी मार्सेयला बोटीतून उडी घेतली आणि फ्रेंच भूमीवर ते पुन्हा पकडले गेले. बाईंनी कार्ल मार्क्सचे नातू जाँ लाँगे यांना गाठले. फ्रेंच समाजवाद्यांनी गवगवा केला, प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. १९११ मध्ये निकाल इंग्लंडच्या बाजूने लागला.

या मैत्रीची मर्यादा १९१४ ला कळली. जोरेसांचा महायुद्धाच्या तोंडावर खून झाला होता. फ्रान्स आता इंग्लंडचा दोस्त. ज्या देशाने आसरा दिला त्यानेच बाईंना विशीला स्थानबद्ध केले, त्यांचे सहकारी सरदारसिंह राणा यांना सहकुटुंब मार्टिनिक बेटावर धाडले. १९१७ मध्ये प्रकृतीमुळे सुटका झाली, तरी पोलिसांकडे हजेरी सुटली नाही.

१९३५ मध्ये अर्धांगाने खिळलेल्या बाईंनी अखेर ते हमीपत्र लिहून दिले. नोव्हेंबरात मुंबईला पोहोचल्या. १३ ऑगस्ट १९३६ रोजी पारशी जनरल हॉस्पिटलात त्यांचे निधन झाले. इंदुलाल याज्ञिकांनी लपवून आणलेला त्यांचा ध्वज पुण्याच्या केसरीवाड्यात आहे.