विश्लेषण : वसई जिंकणारे चिमाजी अप्पा आजारापुढे हतबल का ठरले?

घोडबंदर किल्ला आज मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत, उल्हास खाडीच्या काठावर आहे. पोर्तुगीजांचा हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांकडे आला, तो चिमाजी अप्पांच्या साष्टी मोहिमेत. मे १७३९ मध्ये खाडीपलीकडची वसईही पडली. थोरल्या बाजीरावांच्या या धाकट्या भावाची प्रकृती मात्र कायम नाजूक होती. श्वसनाचा जुना विकार अंगात घेऊनच त्यांनी मोहिमा केल्या.

घरात पहिला आघात कधी झाला?

ऑगस्ट १७३० मध्ये चिमाजींना मुलगा झाला. हेच पुढे पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ. मूल महिन्याचे होण्याआधीच आई रखमाबाई गेल्या. आजी राधाबाईंनी नातवाला वाढवले. पेशव्यांच्या घरी माणसांची वा वैद्यांची वाण नव्हती. पण बाळंतपणानंतर ताप वा रक्तस्राव सुरू झाला, तर तेव्हा राजवाड्यात आणि झोपडीत फारसा फरक नसे. रक्त चढवण्याची सोय नव्हती, आणि जंतुसंसर्गावर पेनिसिलिन हाती यायला आणखी दोनशे वर्षे होती.

बाजीरावांच्या वेळी चिमाजी कुठे होते?

एप्रिल १७४० मध्ये बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीच्या छावणीत तापाने आजारी पडले. काशीबाई जवळ होत्या. चिमाजी आणि नानासाहेब त्या वेळी आंग्रे बंधूंच्या तंट्यात कुलाब्याकडे गुंतले होते. २८ एप्रिलला बाजीराव वारले, वयाच्या चाळिशीआधीच. चिमाजींना कळली ती थेट मृत्यूची बातमी. पण ते उशाशी असते तरी काय करू शकले असते? डोक्यावर ओल्या पट्ट्या, वैद्याचा काढा, देवाला साकडे. सोबतीला मोल असते, पण तिने ज्वर उतरत नाही.

आणि स्वतः चिमाजी?

भावामागे ते आठ महिनेही जगले नाहीत. डिसेंबर १७४० मध्ये, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, पुण्यात त्यांचे निधन झाले. सदाशिवराव तेव्हा दहा वर्षांचे होते. चिमाजींची समाधी पुण्यात ओंकारेश्वराजवळ आहे. वसईच्या तटाखाली सुरुंग पेरून बुरूज उडवता आले होते. छातीतल्या रोगावर तसा सुरुंग नव्हता.

आज जवळच्या माणसाला काय करता येते?

बरेच, पण ठरावीकच. १०८ ला फोन करणे, उष्माघात झालेल्याला सावलीत नेऊन अंग ओले करून वारा घालणे, वाहते रक्त कापडाने घट्ट दाबून धरणे. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास थांबला असेल, तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाब देत राहणे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षणही दिले आहे.

या सगळ्याने वेळ मिळतो, उपचार होत नाहीत. बाळंतिणीला रक्त देणे, बंद पडलेली हृदयाची धमनी उघडणे ही कामे रुग्णालयातच होतात. घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत रुग्णवाहिकेला वाट करून देणे, हेही म्हणून प्रथमोपचारातच धरावे लागेल.