ज्यांनी पाण्याचं गणित मांडलं, त्यांच्याच पुलाला पाणी नडलं

सप्टेंबर १८२६. पॅरिसमध्ये सीन नदीवर एक झुलता पूल जवळपास बांधून होत आला होता. नदीत एकही खांब नाही, सुमारे दीडशे मीटरचा एकच गाळा, सगळा भार लोखंडी साखळ्यांवर. एका रात्री जवळची पाण्याची मोठी पाईप फुटली. पाणी जमिनीत मुरलं, माती ढिली झाली आणि साखळ्या जखडून ठेवणारं दगडी बांधकाम सरकलं.

पुलाचे इंजिनिअर होते क्लोद-लुई नाविए. इंजिनिअरिंग केलेल्यांनी हे नाव नेव्हिअर असं ऐकलं असेल. तेच ते, नेव्हिअर-स्टोक्स समीकरणातले. वाहत्या द्रवाचं हे गणित त्यांनी चारच वर्षं आधी मांडलं होतं.

नाविए यांचा जन्म १७८५ चा, दिजाँ शहरातला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ मध्ये वडील वारले. पुढं त्यांना सांभाळलं आईच्या काकांनी, एमिलाँ गोते यांनी. हे आजोबा म्हणजे फ्रान्समधले नावाजलेले पूल-कालव्यांचे इंजिनिअर. पॅरिसच्या एकोल पोलिटेक्निकमध्ये नाविए यांना शिकवायला होते गणितज्ञ फूरिए. घरात पूल आणि वर्गात गणित, असा हा पोरगा घडला. १८०६ मध्ये गोते गेले, तेव्हा त्यांची पुस्तकं संपादित करून छापण्याचं कामही नातवानंच केलं.

आता ते समीकरण. नाविए यांच्या आधी ऑयलर यांनी द्रवाच्या गतीची समीकरणं लिहिली होती, पण त्यातला द्रव काल्पनिक होता. त्याला घर्षणच नव्हतं. त्या हिशोबानं मध आणि पाणी एकसारखंच वाहायला हवं! नाविए यांनी १८२२ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढं निबंध वाचला आणि ऑयलरच्या समीकरणात एक पद वाढवलं. द्रवाचे थर एकमेकांवरून सरकताना एकमेकांना अडवतात, त्याचं हे पद. यालाच आपण श्यानता म्हणतो, साध्या भाषेत चिकटपणा. रेणूंबद्दलचा त्यांचा तर्क आज कुणी जसाच्या तसा मानत नाही, पण त्यातून निघालेलं पद बरोबर होतं.

खरी गंमत पुढं आहे. हे समीकरण त्यांनी सगळ्यात साध्या प्रवाहाला लावलं, नळीतून संथ वाहणाऱ्या पाण्याला. सुरुवातीला त्यांनी धरलं, की नळीच्या भिंतीला टेकलेला थर हलतच नाही. भिंतीपाशी वेग शून्य, मधोमध सर्वात जास्त. हे अगदी बरोबर होतं. पण गिरार नावाच्या इंजिनिअरनं बारीक नळ्यांवर घेतलेल्या मोजमापांशी ते जुळेना. मग नाविए यांनी अट बदलली आणि पाण्याला भिंतीवरून घसरू दिलं. आकडे जुळले, उत्तर मात्र हातचं गेलं. प्रयोगाशी जुळवून घेणारा माणूस चुकला असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण झालं तसंच.

नवीन हिशोबानं बारीक नळीचा व्यास निम्मा केला, तर प्रवाह आठपट कमी व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो सोळापट कमी होतो. हे मोजून दाखवलं पॉइझ्यूई यांनी, १८४० च्या दशकात, अतिशय बारीक काचेच्या नळ्या वापरून. ते शिकलेले डॉक्टर, आणि त्यांना शोध होता रक्त केशवाहिन्यांतून कसं वाहतं याचा. १८४५ मध्ये स्टोक्स यांनी तेच समीकरण वेगळ्या मार्गानं मांडलं आणि ते जोडनावानं ओळखलं जाऊ लागलं.

यातलं काहीही बघायला नाविए नव्हते. १८३६ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी ते वारले. १८२४ मध्ये अकादमीचं सदस्यत्व मिळालं होतं, पुढं एकोल पोलिटेक्निकमध्ये प्राध्यापकीही मिळाली. पण तो पूल सुटला नाही. पाईप फुटण्याआधीच बांधकामात तडे दिसले होते, दुरुस्तीही शक्य होती. पण शहराच्या कारभाऱ्यांना मुळातच हा पूल नको होता. अखेर तो उतरवला गेला. कागदावरचं गणित आणि प्रत्यक्षातलं बांधकाम यात फरक असतो, हे टोमणे मात्र राहिले.

आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत आज नाविए यांचं नाव आहे. आणि त्यांच्या समीकरणाचं त्रिमितीतलं उत्तर कायम सुरळीत राहतं का, हे सिद्ध करणाऱ्याला अमेरिकेतल्या क्ले इन्स्टिट्यूटनं २००० साली १० लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलंय.