अक्षरापासून धारासभेपर्यंत

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी १८६३ साली जन्मलेला गोपाळराव बाराव्या वर्षी बडोद्याच्या गादीवर दत्तक आला, तेव्हा त्यास अक्षरओळखही नव्हती. हेच पुढे श्रीमंत सयाजीराव महाराज झाले. १८८१ च्या अखेरीस राज्याधिकार हाती आल्यावर त्यांनी प्रजेस साक्षर करण्याचे मनावर घेतले. १८९३ साली अमरेली भागात व १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. मुलींसही त्यातून वगळले नाही. गावोगावी पंचायती व ग्रंथालये निघाली, धारासभाही स्थापन झाली. मात्र सभेस सल्ल्यापलीकडे फारसा अधिकार नव्हता. अखेरचा शब्द महाराजांचाच असे. ही उणीव आम्ही झाकू इच्छीत नाही.

१९३९ साली महाराज निवर्तले. १९४७ च्या एप्रिलमध्ये भारताच्या घटना समितीत सामील होणाऱ्या पहिल्या संस्थानांत बडोदे होते; १ मे १९४९ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर मतपेटीपाशी उभ्या राहिलेल्या बडोदेकरांपैकी कित्येकांनी महाराजांच्याच शाळांत अक्षरे गिरविली होती. विद्यार्थिमित्रहो, जो अधिकार महाराजांनी स्वतःपाशी राखला, तो आज आपणा सर्वांचा आहे. तो विचारपूर्वक वापरणे हीच त्यांच्या ऋणाची फेड, असे आम्हांस वाटते.