विश्लेषण : जनुक शाबूत, तरी कर्करोग कसा? हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशींतून काय कळले?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने १९५१ मध्ये दगावलेल्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी आजही जगभरातील प्रयोगशाळांत वाढत आहेत. कर्करोग रोखणारी जनुके निकामी कशी होतात, याचे एक उत्तर त्यांतूनच मिळाले.

कोण होत्या हेन्रिएटा?

१ ऑगस्ट १९२० रोजी अमेरिकेतील व्हर्जिनियात कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. चार वर्षांच्या असताना आई गेली. आजोबांकडे तंबाखूच्या शेतात राबत त्या वाढल्या. १९४१ मध्ये डेव्हिड लॅक्स यांच्याशी विवाह झाला. पुढे हे कुटुंब बाल्टिमोरजवळ स्थायिक झाले. त्यांना पाच मुले झाली.

पेशी कशा मिळाल्या?

जानेवारी १९५१ मध्ये गाठ जाणवल्याने त्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेल्या. उपचारांदरम्यान गाठीचा तुकडा त्यांना न विचारताच संशोधनासाठी काढण्यात आला. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत इतर रुग्णांच्या पेशी लवकरच मरत. या मात्र साधारण दिवसभरात दुप्पट होत. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, अवघ्या ३१व्या वर्षी हेन्रिएटा यांचे निधन झाले. त्यांच्या नावावरून ‘हेला’ म्हटल्या गेलेल्या या पेशी पोलिओ लसीच्या चाचणीतही उपयोगी पडल्या.

जनुकांचे काय बिघडले होते?

पी५३ आणि आरबी ही जनुके पेशींच्या बेबंद वाढीला ब्रेक लावतात. अंडाशयाच्या अनेक कर्करोगांत पी५३ जनुकातच बिघाड असतो. हेला पेशींत मात्र ते शाबूत आहे. १९८०च्या दशकात हॅराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाला या पेशींत एचपीव्ही-१८ हा विषाणू सापडला. त्याचे ई६ प्रथिन पी५३ प्रथिन नष्ट करते, तर ई७ हे आरबी निकामी करते. म्हणजे ब्रेक तयार होतो, पण टिकत नाही. प्रयोगशाळेत ई६ व ई७ बंद केल्यावर हेला पेशींची वाढ थांबते, हेही दिसून आले.

कुटुंबाला कधी कळले?

थेट १९७०च्या दशकात. या पेशींवर कंपन्यांनी पैसा कमावला. वारसांना काही मिळाले नाही. २०२३ मध्ये थर्मो फिशर कंपनीने वारसांशी न्यायालयीन दाव्यात तडजोड केली.

आज याचे महत्त्व काय?

विषाणूला आधीच रोखले, तर ब्रेक शाबूत राहतात. एचपीव्ही लस नेमके हेच करते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ लसही एचपीव्ही-१८ पासून संरक्षण देते. हेन्रिएटा यांच्या काळात अशी लस नव्हती. आजच्या मुलींसाठी ती आहे.