सम्राट अशोक : धर्मश्रद्धा आणि राजसत्ता

मगधाधिपती अशोकाने राज्याभिषेकास आठ वर्षे झाली असता कलिंग देश जिंकला. त्या युद्धात एक लक्ष माणसे मारली गेली व दीड लक्ष बंदी करून नेली गेली. हे आकडे शत्रूने सांगितलेले नव्हेत. खुद्द विजेत्यानेच पश्चात्तापपूर्वक ते आपल्या तेराव्या शिलालेखात कोरविले. पुढे धर्माने मिळविलेला विजय हाच श्रेष्ठ विजय, अशी त्याची धारणा झाली.

अशोक स्वतः बौद्ध उपासक होता. अभिषेकाच्या विसाव्या वर्षी त्याने लुंबिनीची यात्रा केली व त्या ग्रामाचा कर कमी केला. तथापि आपली श्रद्धा त्याने प्रजेवर लादली नाही. बराबर डोंगरातील गुंफा त्याने आजीवकांस दिल्या. स्वपंथाची अवास्तव स्तुती व परपंथाची अकारण निंदा करू नये, असा बोध बाराव्या शिलालेखात केला.

परंतु त्याने कलिंगाचे राज्य परत केले नाही. धौली व जौगड या कलिंगातील स्थळी तर तेरावा लेख कोरविलाच नाही. अरण्यवासी जनांस त्याने पश्चात्तापाबरोबर आपल्या सामर्थ्याचीही जाणीव दिली. संघात भेद करणाऱ्या भिक्षूस श्वेतवस्त्रे नेसवून संघाबाहेर ठेवावे, अशी राजाज्ञा काढली.

तात्पर्य, श्रद्धेने राजाचे शस्त्र आवरले, पण राजेपण सुटले नाही. अहिंसेचा स्वीकार आणि सत्तेचा त्याग या दोन भिन्न पायऱ्या होत. अशोक पहिली चढला, दुसरीपाशी थांबला.